थट्टा यंत्राची की नवख्याची?

सप्टेंबर १९८२. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र विभागाचा एक सामाईक सूचनाफलक संगणकावर चालायचा. कोणीही काहीही लिहावं, बाकीच्यांनी वाचावं, वाटलं तर उत्तर द्यावं. एके दिवशी तिथे भौतिकशास्त्राचं एक कोडं आलं. लिफ्टची तार तुटली आणि ती मोकळी खाली पडू लागली. आत भिंतीला पेटती मेणबत्ती आहे आणि जमिनीवर पाऱ्याचा थेंब. तर मेणबत्तीचं काय होईल आणि पाऱ्याचं काय होईल? उत्तरं आली, वादही झाले. मग एकाने सरळ नोटीसच लावली: नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, किरकोळ आगही लागली होती, शुक्रवारी सकाळी आठपर्यंत सफाई पूर्ण होईल. आधीची चर्चा ज्यांनी वाचली होती ते हसले. ज्यांनी वाचली नव्हती त्यांना ती खरी सूचना वाटली.

त्यावर मंडळींनी गांभीर्याने विचार सुरू केला: गंमत आहे हे वाचणाऱ्याला कळावं कसं? एकाने सुचवलं, विषयाच्या ओळीत तारा टाकावा. कोणाला टक्क्याचं चिन्ह बरं वाटलं, कोणाला आणखी काही. १९ सप्टेंबरला सकाळी पावणेबाराच्या सुमारास स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी तीन चिन्हं एकापुढे एक ठेवली, :-) अशी, आणि आडवं बघा म्हणून सांगितलं. पुढे त्यांनी असंही लिहिलं की इथला एकंदर मजकूर पाहता गंमत *नसलेल्या* गोष्टींना खूण करणंच सोयीचं पडेल, आणि त्यासाठी उलट्या तोंडाची खूण दिली. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये असलेल्या हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा हा पूर्वज. ती मूळ नोंद नंतर हरवली होती. जुन्या बॅकअप टेप धुंडाळून २००२ साली ती पुन्हा मिळवली गेली.

या प्रसंगात तांत्रिक मंडळींच्या गप्पांचा सगळा स्वभाव आला आहे. विषय शास्त्राचा, थट्टा त्याच विषयातून उगवलेली, ती कळायला आधीचं वाचलेलं असावं लागतं, आणि ज्याने वाचलेलं नाही त्याची फसगत होते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत संगणकाभोवती जमलेल्या समुदायांनी जे विनोद केले, त्यांतले काही कामाच्या साधनांत मुरले, काहींनी माणसं शिकवली आणि काहींनी माणसं पळवून लावली. त्यांच्यात फरक कशाने पडला हे पाहण्यासारखं आहे. माझ्या मते तो एकाच प्रश्नावर ठरतो: थट्टा कोणाची चालली आहे?

या परंपरेचं एक मूळ एमआयटीतल्या खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबात सापडतं. टेक मॉडेल रेलरोड क्लब १९४६ साली सुरू झाला. रुळांखालच्या तारा, रिले आणि स्विच यांच्या जंजाळात रमणाऱ्या मुलांनी आपली बोली तयार केली आणि १९५९ मध्ये पीटर सॅमसन याने तिचा छोटा शब्दकोश केला. ‘हॅक’ हा शब्द तांत्रिक करामतीच्या अर्थाने तिथे नोंदला गेला. पुढे १९७५ मध्ये स्टॅनफर्डला राफाएल फिंकेल यांनी ‘जार्गन फाइल’ सुरू केली. विद्यापीठा-विद्यापीठांतले लोक तिच्यात भर घालत गेले आणि १९८३ मध्ये ती पुस्तकरूपाने आली.

त्या संग्रहातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतल्या एका मोठ्या संगणकाच्या कपाटावर कोणीतरी चिकटवलेला एक लहानसा स्विच होता. त्याच्या दोन बाजूंना ‘जादू’ आणि ‘आणखी जादू’ असं लिहिलेलं. आत पाहिलं तर त्याला एकच तार जोडलेली. एका तारेचा स्विच काही करूच शकत नाही, म्हणून गोष्ट सांगणाऱ्याने तो ओढला आणि संगणक बंद पडला. योगायोग समजून त्याने स्विच पूर्ववत केला, यंत्र चालू केलं. वर्षभराने एका सोबत्याला दाखवायला तोच स्विच पुन्हा ओढला आणि यंत्र पुन्हा बसलं. ती एकच तार ग्राउंडच्या पिनेला जोडलेली होती. स्विचचं धातूचं शरीर कपाटाला टेकलं असेल तर दोन ग्राउंडमधल्या फरकाने यंत्राला धक्का बसू शकतो, असा तर्क नंतर मांडला गेला. गोष्ट हसून सांगितली जाते, पण ऐकणारा विद्युतशास्त्रातला एक धडा घेऊनच उठतो. शिवाय तिथे हसं झालं ते ‘मला सगळं माहीत आहे’ या समजुतीचं.

इंटरनेटच्या नियमांचे कागद म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, आरएफसी. पहिला कागद ७ एप्रिल १९६९ चा, स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने लिहिलेला. सोबत राहणाऱ्यांची झोपमोड नको म्हणून रात्री बाथरूममध्ये बसून तो लिहिला, असं त्याने पुढे सांगितलं आहे. कागदाचं नावही मुद्दाम नम्र ठेवलं, मतं मागवणारं, कारण आपण पोरं कोणाला हुकूम देतो आहोत असं वाटू नये. इतक्या साध्या सुरुवातीमुळे असेल, पण या कागदांत थट्टेला लवकरच जागा मिळाली. १ एप्रिल १९७८ ला पहिली एप्रिल फूल आरएफसी निघाली आणि १९९० च्या १ एप्रिलला डेव्हिड वेट्झमन यांची ११४९ क्रमांकाची आली: कबुतरांच्या पायाला बांधून इंटरनेटचे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, कसे पाठवावेत.

सगळं खऱ्या मानकाच्या भाषेत. पॅकेट कागदावर छापायचा, गुंडाळी करून कबुतराच्या पायाला चिकटपट्टीने लावायचा, पलीकडे उलगडून वाचायचा. २००१ च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या, ‘लिनक्स’ या मुक्त संगणकप्रणालीच्या चाहत्यांनी हे खरंच करून पाहिलं. नऊ पॅकेट सोडले, चार परतले. म्हणजे ५५ टक्के माल वाटेत गहाळ. सर्वांत चटकन आलेल्या उत्तराला ५३ मिनिटं लागली, सर्वांत उशिराच्या उत्तराला पावणेदोन तासांहून थोडं अधिक. आकडे हास्यास्पद आहेत, पण प्रयोग यशस्वी झाला, आणि इथेच या थट्टेची खोली आहे. इंटरनेटच्या रचनेचा मूळ सिद्धांत असा की पॅकेट कशावरून जातो याच्याशी पॅकेटाला देणंघेणं नसतं. तांब्याची तार, काचेचा धागा, रेडिओ, काहीही चालेल. हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, कबुतराच्या पायाला बांधल्यावर राहतं. आणि कबुतर हे माध्यम नुसत्या कल्पनेतलं नव्हतंच. ओडिशा पोलिसांची कबुतर-टपाल सेवा १९४६ पासून होती, आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा-फोन आडवे झाल्यावर तिच्या कबुतरांनी निरोप पोचवले होते.

१९९८ च्या १ एप्रिलला लॅरी मॅसिंटर यांनी कॉफीच्या भांड्याला इंटरनेटवरून हुकूम देण्याचे नियम लिहिले. त्यांत चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने कोणता त्रुटीक्रमांक कळवावा हेही ठरवून दिलं: ४१८, ‘मी किटली आहे’. मॅसिंटर यांचा रोख खरा होता. वेबचा मूळ नियमसंच त्या काळात वाटेल तसा ताणला जात होता आणि तो कसा चुकीच्या पद्धतीने ताणला जातो हे त्यांना दाखवायचं होतं. पण प्रोग्रामर मंडळींनी ती किटली खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. २०१७ मध्ये वेबचे नियम सांभाळणाऱ्या गटाचे प्रमुख मार्क नॉटिंगहॅम यांनी हा क्रमांक काढून टाकावा असं सुचवलं, कारण क्रमांक मोजके आहेत आणि उद्या खऱ्या कामाला लागतील. त्यांचं म्हणणं रास्त होतं. तरीही एका शाळकरी वयाच्या मुलाने किटली वाचवण्याची मोहीम उघडली आणि जगभरचे लोक तिच्यामागे उभे राहिले. २०२२ च्या सुधारित मानकात ४१८ हा क्रमांक राखीव म्हणून नोंदला गेला. तो आता दुसऱ्या कशाला सहजी देता येत नाही. थट्टेपायी एक क्रमांक अडून बसला, हे नुकसानच. पण ते सोसायला एवढे लोक तयार झाले, कारण आपण वापरतो ती यंत्रणा माणसांनी, हसणाऱ्या माणसांनी, बांधली आहे याची ती एक उघड खूण होती.

प्रोग्रामिंगच्या भाषांतही हे झिरपलं आहे. ‘पायथन’चं नाव सापावरून नाही, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून आलं आहे. त्यांच्याच १९७० च्या एका प्रहसनातून ‘स्पॅम’ हा शब्द नको असलेल्या संदेशांना चिकटला. आणि १९७२ मध्ये डॉन वुड्स आणि जेम्स लायन या प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी ‘इंटरकॅल’ नावाची भाषा केली, तीत प्रोग्राम लिहिताना मधूनमधून ‘प्लीज’ म्हणावं लागतं. कमी वेळा म्हटलं तर उद्धट म्हणून प्रोग्राम नाकारला जातो, फार वेळा म्हटलं तर लाळघोटेपणा म्हणून. ज्याने प्रोग्राम तपासून यंत्रभाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या निर्विकार नकारांपुढे रात्री काढल्या आहेत त्यालाच यातली खरी गंमत कळेल.

थट्टेचं पुढे खरं होणं हा प्रकार तर वारंवार घडला. १ एप्रिल १९८४ ला यूजनेट या जगभर पसरलेल्या चर्चाजाळ्यावर सोव्हिएत नेते चेर्नेंको यांच्या नावाने संदेश आला: आम्हीही तुमच्यात सामील होत आहोत. संगणकाचं नाव ‘क्रेमव्हॅक्स’. क्रेमलिन आणि त्या काळचं लोकप्रिय यंत्र व्हॅक्स यांची ती जोडी. हे काम होतं ॲम्स्टरडॅमच्या पीट बीरटेमा यांचं. शीतयुद्ध ऐन भरात असल्याने अनेकांनी ते खरं मानलं. १९९० मध्ये मॉस्कोतली मंडळी खरोखर जाळ्यावर आली तेव्हा त्यांना जुना विनोद ठाऊक होता, आणि त्यांनी आपल्या एका यंत्राचं नाव क्रेमव्हॅक्सच ठेवलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत सत्तापालटाचा प्रयत्न झाला तेव्हा, सरकारी वाहिन्या गप्प असताना तिथून बाहेरच्या जगाला बातम्या गेल्या. थट्टेत ठेवलेल्या नावाने असं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता शिकवणाऱ्या थट्टेकडे वळू. रँडल मन्रो यांची ‘एक्सकेसीडी’ ही चित्रमालिका २००५ पासून चालू आहे आणि तिची कित्येक चित्रं तांत्रिक गप्पांत म्हणीसारखी वापरली जातात. एका चित्रात शाळेतून आईला फोन येतो: तुमच्या मुलाच्या नावामुळे आमच्या विद्यार्थ्यांची सगळी नोंदवही पुसली गेली. आईने मुलाच्या नावातच डेटाबेसला पुसून टाकण्याची आज्ञा लिहिलेली असते. बाहेरून आलेला मजकूर तपासल्याशिवाय डेटाबेसपर्यंत जाऊ देऊ नये, हा सुरक्षेचा पहिला धडा त्या चार चौकटींनी जितक्या मुलांना दिला तितका एखाद्या पाठ्यपुस्तकाने दिला असेल का, शंका आहे. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या स्थळावर २००९ मध्ये कोणीतरी विचारलं होतं की वेबपानातल्या खुणा ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ने, म्हणजे मजकुरातले नमुने शोधण्याच्या साधनाने, कशा वेचाव्यात. एका टोपणनावाच्या जाणकाराने उत्तर सरळ सुरू केलं, हे या साधनाने होणार नाही; मग वाक्यावाक्यागणिक ते भुताखेतांच्या प्रलापात गेलं, शेवटी अक्षरंसुद्धा पानावरून ओघळू लागली. त्या उत्तराला हजारो मतं पडली. त्यातला सिद्धांत पक्का आहे: एकात एक अशा कितीही खोल जाणाऱ्या रचना मूळच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या ताकदीबाहेरच्या असतात. त्याच उत्तराखाली, मर्यादित आणि ठाऊक मजकुरासाठी हे साधन चालतं, असं शांतपणे सांगणारे लोकही होते. खरा चांगला धागा असा असतो. हशा वर, आणि दुरुस्ती लगेच खाली.

‘बंद करून परत चालू कर’ ही तर आपल्याकडच्या प्रत्येक ऑफिसातली हमखास कोटी. तिच्यातही तथ्य आहे. चालत्या प्रोग्रामच्या स्मृतीत हळूहळू चुका साठतात आणि नव्याने सुरुवात केली की त्या पुसल्या जातात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांसाठी याच स्वरूपाचा आदेश काढला होता. विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला तर जनित्रांचे नियंत्रक एकदम बंद पडू शकतात असं आढळलं होतं. म्हणून ठरावीक मुदतीत तो बंद करून पुन्हा सुरू करायचा. २४८ दिवसांचे सेकंदाचे शंभरावे भाग मोजले तर आकडा दोनच्या एकतिसाव्या घाताशी येऊन पोचतो, बत्तीस बिटांच्या चिन्हांकित मोजणीची ती हद्द. या आकड्यावर प्रोग्रामर मंडळी हसली, कारण त्यांना तो बघताक्षणी कळला होता.

वादालाही थट्टेने नाव दिलं की तो आवरतो. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या मुक्त प्रणालीच्या मंडळींत एका बारीकशा बदलावर पत्रांचा पाऊस पडला. बदल एवढाच, की थांबण्याची आज्ञा पूर्ण सेकंदांऐवजी अपूर्णांकातही घेता यावी. तेव्हा पॉल-हेनिंग काम्प यांनी पार्किन्सन या लेखकाच्या १९५७ च्या पुस्तकातला दाखला दिला: समिती अणुभट्टीचा खर्च पटकन मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण शेड सर्वांना कळते. तेव्हापासून ‘शेडचा रंग’ एवढे दोन शब्द म्हटले की भांडणारे वरमतात. माईक गॉडविन यांनी १९९० मध्ये मांडलेला नियमही याच जातीचा: ऑनलाइन वाद लांबत गेला की कोणीतरी कोणाला तरी हिटलरच्या पंक्तीला बसवतंच.

इथवरच्या उदाहरणांत थट्टा आहे ती यंत्राची, नियमांची, समितीची, स्वतःच्या अहंकाराची. दुसरी धार नवख्या माणसावर चालते, आणि तिचा इतिहासही तितकाच जुना आहे. एमआयटीच्या बोलीत ‘यूझर’चा ‘लूझर’ झाला तो सत्तरच्या दशकात. न्यूझीलंडचे सायमन ट्रॅव्हॅग्लिया यांनी लिहिलेल्या एका दुष्ट सिस्टिम ऑपरेटरच्या कथा यूजनेटवर आवडीने वाचल्या गेल्या. त्यात मदत मागणाऱ्या वापरकर्त्याची फाइल पुसणं हाच विनोद. कथेत ठीक आहे. पण पुढे खऱ्या चर्चांतही तोच सूर लागला. प्रश्न विचारला की ‘आधी मॅन्युअल वाच’, तेही शिवीसकट. त्याहून वाईट म्हणजे, कॉम्प्युटर मंद चालतो म्हणणाऱ्याला विंडोजचा गाभा असलेला फोल्डर पुसायला सांगणं, किंवा लिनक्स शिकायला आलेल्या मुलाला सगळी डिस्क साफ करणारी आज्ञा ‘ही टाकून बघ’ म्हणून देणं. ज्याच्या घरच्या फोटोंचा आणि प्रोजेक्टचा यात बळी जातो त्याच्या दृष्टीने ही थट्टा नसते, आणि मीही तिला थट्टा म्हणायला तयार नाही. शिकायला आलेल्या माणसाचा विश्वास तिथे मोडतो आणि तो परत येत नाही.

यामागे एक सामाजिक कारण होतं. यूजनेटवर दर सप्टेंबरला विद्यापीठांतली नवी मुलं यायची, चुका करायची, चार बोल खायची आणि महिन्याभरात रुळायची. १९९३-९४ पासून व्यापारी सेवांनी आपल्या लाखो ग्राहकांना तिथे प्रवेश दिला आणि नवख्यांचा ओघ थांबेना. जुने लोक त्या काळाला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणू लागले. थट्टा कळण्यासाठी जो सामाईक अनुभव लागतो तो एवढ्या माणसांना द्यायचा कोणी? जुन्यांपैकी थोड्यांनी नेमाने विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवली. ते मोठं आणि दुर्लक्षित काम होतं. बाकीच्यांनी टिंगलीचं कुंपण घातलं.

लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांच्या पत्रव्यवहारात लिनस टॉरवल्ड्स यांची जीभ वर्षानुवर्षं प्रसिद्ध होती. चुकीचा कोड पाठवणाऱ्याचा ते जाहीर पाणउतारा करत आणि अनेकजण ती पत्रं मनोरंजन म्हणून वाचत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की आपल्या वागण्याने लोक दुखावले गेले, काहींना काम सोडावंसं वाटलं असेल, आणि त्याबद्दल माफी मागितली. त्याच सुमारास प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्याआधी काही महिने, एप्रिल २०१८ मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लोनेही जाहीर कबुली दिली की आमच्याकडे नवख्यांना, विशेषतः स्त्रियांना आणि अल्पसंख्य गटांना, परकं वाटतं. त्यानंतरही लिनक्सची घोडदौड मंदावली नाही. सभ्य झालो तर दर्जा घसरेल ही भीती निराधार होती.

थट्टेला किती भाव द्यायचा, यावर सर्वांत विचारी उत्तर मला स्लॅशडॉटचं वाटतं. रॉब माल्डा यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या या चर्चास्थळाने वाचकांनाच प्रतिसादांना गुण देण्याचा अधिकार दिला, उणे एकपासून पाचपर्यंत, आणि कारणही निवडायला लावलं: माहितीपूर्ण, मार्मिक, रोचक किंवा विनोदी. विनोदी प्रतिसादाचे गुण वाढत, तो वर दिसे, पण लिहिणाऱ्याच्या खात्यावरची पत मात्र त्याने वाढत नसे. हसवणाऱ्याला टाळ्या मिळाव्यात, अधिकार मिळू नये, असा तो हिशेब. आज बहुतेक समाजमाध्यमांवर सगळ्याला एकच अंगठा आहे. त्यामुळे चटकदार कोटी आणि तीन तास खपून लिहिलेलं उत्तर एकाच तराजूत बसतं आणि कोटी जिंकते.

मराठीत हे सगळं उशिरा आलं नाही. ‘मायबोली’ ही मराठी वेबसाइट १९९६ च्या गणेशोत्सवात सुरू झाली, तेव्हा देवनागरी संगणकावर उमटवणं हीच एक तांत्रिक चर्चा होती. फाँट दिसत नाही, जोडाक्षर फुटतं, ऱ्ह कसा लिहायचा, असे प्रश्न अमेरिकेतल्या मराठी माणसाने विचारायचे आणि पुण्यातल्याने सोडवायचे. पुढे ‘मनोगत’, ‘मिसळपाव’, ‘उपक्रम’ ही चर्चास्थळं आली. कोपरखळी मारल्यावर खाली ‘कृ. ह. घ्या.’, म्हणजे कृपया हलके घ्या, लिहिण्याची किंवा ‘दिवे घ्या’ म्हणण्याची रीत तिथेच पडली. फालमन यांच्या तीन चिन्हांचं काम मराठीने आपल्या पद्धतीने केलं. धाग्याचा काथ्याकूट होणं, डुआयडी (एकाच माणसाचं दुसऱ्या नावाचं खातं) पकडणं, पॉपकॉर्न घेऊन बसणं ही भाषाही तिथलीच. मात्र तांत्रिक गप्पा तिथून बऱ्याच अंशी व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या बंद गटांत गेल्या. तिथे उत्तर मिळतं, हशाही पिकतो, पण दोन दिवसांत सगळं वर सरकून जातं आणि बाहेरच्या कोणाला शोधून सापडत नाही.

आता या गप्पांचा एक नवा वाचक आला आहे. मे २०२४ मध्ये गूगलच्या यंत्राने लिहिलेल्या उत्तरांत पिझ्झ्यावर चीज टिकावं म्हणून सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक घालण्याचा सल्ला दिसला. शोधल्यावर उगम निघाला रेडिटवरच्या सुमारे अकरा वर्षांपूर्वीच्या एका गमतीत. तिथल्या वाचकांना ती गंमत कळली होती. यंत्राला कळली नाही. दुसऱ्या बाजूने, २०२२ च्या अखेरीस संवादी यंत्रं आल्यापासून स्टॅक ओव्हरफ्लोवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संख्या खूप घसरली आहे. यंत्र टोमणा मारत नाही, मूर्ख म्हणत नाही, कितीही वेळा विचारलं तरी वैतागत नाही. ज्यांनी नवख्यांवर हसून दारं बंद केली त्यांच्या जागा आता यंत्राने घेतल्या, आणि विचारणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण यंत्राने दिलेलं उत्तर चुकलं तर त्याखाली ‘थांब, असं नाही’ म्हणणारा दुसरा माणूस नसतो. ‘शेडचा रंग’ म्हणून भांडण थांबवणाराही नसतो.

म्हणून मराठीत प्रोग्रामिंगचे, मोबाइल दुरुस्तीचे, लिनक्सचे, शेतीतल्या सेन्सरचे गट जे चालवतात त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. थट्टा बंद करू नका. तिच्याशिवाय हे गट सरकारी परिपत्रकासारखे होतील. यंत्राची, कंपन्यांच्या अजब त्रुटीसंदेशांची, तज्ज्ञांच्या तोऱ्याची हवी तेवढी टोपी उडवा. पण ज्याने पहिल्यांदा प्रश्न विचारला आहे त्याला आधी उत्तर द्या आणि मग हसा. डेटा पुसला जाईल असा ‘विनोद’ करणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढा. आणि महिन्यातून एकदा गटातली दहा चांगली उत्तरं निवडून, नावगाव काढून, खुल्या वेबपानावर मराठीत टाका, म्हणजे गडचिरोलीतल्या किंवा सावंतवाडीतल्या ज्या मुलीला तुमच्या गटाची लिंक कधीच मिळणार नाही, तिला ती शोधल्यावर सापडतील.